पुळणीची मोजणी

कॅनडात कोणी ‘कॉटेजवर चाललो’ म्हणाले की ऐकणाऱ्याला पुढचे सारे कळते. तळ्याकाठचे लाकडी घर, संध्याकाळची शेकोटी आणि थंडीची चाहूल लागली की दाराला कुलूप. ऑन्टॅरियो प्रांतातले सॉबल बीच हे असल्याच घरांचे छोटे गाव. ह्युरॉन तळ्याला लागून सुमारे ११ किलोमीटरची पुळण. पाणी गोडे आणि दूरवर उथळ, त्यामुळे उन्हाळ्यात लवकर कोमट होते. पोरेबाळे निर्धास्त डुंबतात. गावाचा धंदा त्या दोन-तीन महिन्यांवर चालतो. नावाचे मूळ फ्रेंच ‘साब्ल’, म्हणजे वाळू.

भांडणही वाळूचेच.

१८५४ मध्ये सॉगीनच्या अनिशिनाबे लोकांनी ब्रिटिश सरकारशी तह केला. आपल्या द्वीपकल्पाचा बराचसा भाग सोडून दिला आणि काही तुकडे स्वतःसाठी राखले. त्यांतल्या एका तुकड्याची पूर्वेची हद्द तहात अशी सांगितली आहे: पश्चिमेच्या हद्दीपासून किनाऱ्याने सुमारे साडेनऊ मैल. पुढे मोजणीदार आले. त्यांची रेघ आधीच थांबली, आणि सुमारे २.२ किलोमीटर पुळण राखीव जमिनीबाहेर पडली. सातबाऱ्याच्या फेरफारात आयुष्ये घालवलेल्या आपल्या वाचकाला यापुढचे सांगायला नको. कागद झाला, त्यावर विक्री झाली, पिढ्या गेल्या.

कोर्टापुढचा प्रश्न सोपा होता. खरे काय, तहातला शब्द की मोजणीदाराचा नकाशा? एप्रिल २०२३ मध्ये प्रांताच्या न्यायालयाने शब्दाच्या बाजूने कौल दिला. राखलेली जमीन सांभाळण्याची जबाबदारी सरकारची होती, ती त्याने पाळली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही निकाल मुख्यतः कायम ठेवला.

कॉटेजवाल्यांची धास्ती मला समजते, पण ती थोडी अस्थानी वाटते. पुळणीचे दक्षिण टोक आधीपासूनच राखीव जमिनीत आहे, आणि सॉगीनच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर कॉटेजे वर्षानुवर्षे उभी आहेत. घर एकाचे, जमीन दुसऱ्याची. शिवाय नगरपालिकेची राखणही निर्दोष नव्हती. पायपिंग प्लोवर हा दुर्मिळ पक्षी इथल्या वाळूत अंडी घालतो. २०१७ मध्ये यंत्रे फिरवून त्याचा अधिवास बिघडवल्याबद्दल तिला दंड झाला.

२०२५ च्या १ जुलैला, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी, पुळणीच्या तोंडाशी असलेली जुनी पाटी बदललेली दिसली. तिच्यावर आता ‘सॉगीन बीच’ असे लिहिले आहे.