तेर्स
तेर्स ही गोव्यातील कॅथलिक कुटुंबांनी सायंकाळी घरच्या वेदीसमोर एकत्र म्हणावयाची जपमाळेची प्रार्थना होय. ‘तृतीयांश’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव कोकणीत रूढ झाले. पूर्ण जपमाळेत १५ दशके असत. त्यांपैकी ५ म्हटली की तिसरा हिस्सा पूर्ण होई. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये आणखी ५ दशकांची भर सुचविल्यापासून हा हिस्सा खरे पाहता चतुर्थांश ठरतो. नाव मात्र जुनेच राहिले.

प्रत्येक दशकात प्रभूची प्रार्थना एकदा, ‘नमो मारिया’ दहादा आणि शेवटी त्रैक्याची स्तुती म्हणतात. त्याबरोबरच येशू व मारिया यांच्या जीवनातील एकेका प्रसंगाचे चिंतन अपेक्षित असते. मंगळवारी व शुक्रवारी दुःखाचे प्रसंग येतात, गुरुवारी प्रकाशाचे.

प्रार्थनेचा पूर्वार्ध एकाने म्हणावयाचा व उत्तरार्ध इतरांनी. तेर्साचे कौटुंबिक स्वरूप मुख्यतः या प्रतिसादात आहे. एखादे दशक मुलाकडे सोपविले की आजी-आजोबाही त्याला प्रतिसाद देतात, आणि अक्षरओळख नसलेल्या मुलालाही कोकणी प्रार्थना ऐकून पाठ होतात. तेर्स संपल्यावर लहान मंडळी वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात.