कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध नेणारे सुवर्णकण

कर्करोगावरील रसायनोपचारात औषध बहुधा शिरेतून दिले जाते आणि रक्ताबरोबर ते सर्व शरीरात पसरते. वेगाने विभागणाऱ्या पेशी नष्ट करणे हे त्याचे कार्य. मात्र केसांची मुळे, आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा येथील निरोगी पेशीही वेगाने विभागत असल्याने त्यांनाही इजा पोहोचते. केस गळणे, उलट्या होणे, पांढऱ्या पेशी घटणे हे त्याचेच परिणाम होत. पुष्कळदा रुग्णाला सोसवत नाही म्हणून औषधाची मात्रा कमी करावी लागते. औषध मुख्यतः गाठीतच पोहोचवता येईल काय, या प्रश्नातून धातूंच्या अब्जांश कणांवरील संशोधनाला चालना मिळाली.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. मानवी केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते, तर औषधवाहक कण काही दशक नॅनोमीटरचे असतात. या कामी सोन्याला पसंती मिळाली, कारण ते गंजत नाही आणि गंधकयुक्त रेणू त्याच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतात. त्या रेणूंच्या आधारे औषध कणाला जोडता येते. असे सुवर्णकण नवे नाहीत. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच त्यांच्या लाल द्रावणाचा अभ्यास केला होता.

कण गाठीत शिरतात कसे? वाढत्या गाठीतील रक्तवाहिन्या घाईने तयार झालेल्या असल्याने त्यांच्या भिंतींत फटी राहतात. त्यांतून कण बाहेर झिरपतात आणि तेथील लसिकावहन दुर्बल असल्याने तेथेच साचतात. जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये या गुणधर्माकडे लक्ष वेधले. यकृत व प्लीहेतील भक्षक पेशींनी कण वाटेतच गिळू नयेत, यासाठी त्यांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवले जाते.

या पद्धतीची मानवी चाचणी अमेरिकेत झाली. 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' हे प्रथिन गाठीवर प्रभावी असले तरी शिरेतून दिल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येतो. हे प्रथिन सुमारे २७ नॅनोमीटरच्या सुवर्णकणांना जोडून प्रगत अवस्थेतील रुग्णांना देण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पूर्वी सोसवत असलेल्या मात्रेपेक्षा अधिक मात्रा रक्तदाब न कोसळता देता आली. गाठींच्या नमुन्यांत सुवर्णकण आढळले. पण ते निरोगी ऊतींतही दिसले. ही प्राथमिक टप्प्याची, प्रामुख्याने सुरक्षिततेची चाचणी होती. रोग बरा होतो, असे तीतून सिद्ध झाले नाही.

मर्यादा आणखीही आहेत. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या अब्जांश कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्या कणांच्या प्रमाणाचा मध्यक केवळ ०.७ टक्का निघाला. उंदरांतील गाठींच्या तुलनेत मानवी गाठींची रचनाही फार वेगवेगळी असते. शिवाय सुमारे साडेपाच नॅनोमीटरहून मोठे कण मूत्रपिंडातून सहज बाहेर पडत नाहीत. ते यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ राहतात. त्यामुळे गाठीतच थेट कण टोचण्याचा मार्गही अवलंबला जात आहे. हॅफ्नियम ऑक्साइडचे असे कण औषध वाहून नेत नाहीत, तर किरणोपचाराचा परिणाम वाढवतात. मृदू ऊतींच्या कर्करोगासाठी त्यांना युरोपात २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

सुवर्णकणांवरून दिले जाणारे कर्करोगाचे औषध मात्र अद्याप नित्याच्या उपचारात आलेले नाही. आपल्याकडे सुवर्णभस्माची परंपरा जुनी असल्याने दोहोंची गल्लत होण्याचा संभव आहे. भस्म पोटात घेतले जाते. प्रयोगशाळेतील कण ठरावीक आकाराचे, विशिष्ट औषध जोडलेले आणि शिरेतून देण्याचे असतात. एकावरील संशोधन दुसऱ्याच्या गुणाचा पुरावा ठरत नाही. 'सोन्याच्या कणांनी कर्करोग बरा' अशा जाहिरातीवर विसंबून चालू उपचार सोडणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.