माल उतरणीला, गाडी चढणीला

नव्या हायलक्सचे फोटो एव्हाना सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकॉकला पडदा वर गेला आणि ‘भारतात कधी?’ हा प्रश्न सुरू झाला. चेहरा, दिवे, आतला पडदा यांवर पुरेसं बोलून झालंय. मला रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. टोयोटाने या वेळी त्याच पिकअपच्या डिझेल आणि इलेक्ट्रिक अशा दोन्ही आवृत्त्या आणल्या आणि दोघींचे आकडे स्वतःच जाहीर केले. तुलना करायला दुसऱ्या कोणाची गरजच उरली नाही.

२.८ लिटरचं डिझेल इंजिन आणि त्याला ४८ व्होल्टच्या हायब्रिडचा टेकू असलेली गाडी एक टन माल नेते, मागे साडेतीन टनांचा ट्रेलर ओढते. इलेक्ट्रिकमध्ये ५९.२ युनिटची बॅटरी. ती नेते ७१५ किलो, ओढते १,६०० किलो आणि युरोपीय चाचणीत एका चार्जमध्ये जाते जेमतेम अडीचशे किलोमीटर. पाण्यातून मात्र दोघीही सारख्याच, ७०० मिलिमीटर खोलीतून जातात. हायलक्सची इज्जत तेवढी राखली आहे.

हा फरक टोयोटाच्या आळसामुळे पडलेला नाही. लिटरभर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते. ८० लिटरच्या टाकीत आठशे. इंजिन त्यातला दोन तृतीयांश भाग उष्णतेत घालवतं, तरी अडीचशेच्या वर युनिट चाकांपर्यंत पोहोचतात. बॅटरीतून पन्नासेक. आणि वजन? टाकीतलं डिझेल सत्तर किलोही भरत नाही. युनिटमागे सहा-सात किलो धरले तर एवढ्या बॅटरीचं वजन चारशेच्या घरात जातं. टाकी वाटेत हलकी होत जाते, बॅटरी घरी परतेपर्यंत तेवढीच जड.

इसुझूने हट्टाने दुसरी वाट धरली. डी-मॅक्स ईव्हीत ६६.९ युनिटची बॅटरी बसवूनही एक टन माल आणि साडेतीन टनांचा ट्रेलर सोडला नाही. कागदावर रेंज २६३ किलोमीटर, पण ती ट्रेलरशिवाय. ट्रेलर लावल्यावर काय होतं हे अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगवाल्यांनी अनुभवलं आहे: जड ट्रेलर लावला की रेंज निम्म्यावर. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने ती गाडी आहे त्या रूपात थांबवून, पुढच्या पिढीत वीज बनवायला पोटात इंजिन ठेवायचं ठरवलं. बीवायडीची शार्क ६ आधीपासूनच तशी, अर्धी इकडची अर्धी तिकडची: तीसेक युनिटची बॅटरी, जोडीला दीड लिटरचं पेट्रोल इंजिन. ऑस्ट्रेलियात ती ७९० किलो माल नेते आणि अडीच टन ओढते.

मग टोयोटा इलेक्ट्रिक हायलक्स काढते कशाला? माझा अंदाज असा की उत्तर वहीखात्यात आहे. हायलक्सची मोठी बाजारपेठ असलेल्या ऑस्ट्रेलियात २०२५ पासून कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या धुराची सरासरी मोजली जाते आणि ती मर्यादेबाहेर गेली की दंड बसतो. दहा डिझेलवाल्यांचं पाप फेडायला एखादी पुण्यवान गाडी घरात असलेली बरी.

पण थायलंडच्या पट्टायात याच घराण्यातली जुनी इलेक्ट्रिक हायलक्स २०२४ मध्ये सोंगथ्यू म्हणून फिरवून पाहिली गेली. मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेली पिकअप, म्हणजे आपल्या वडापची थाई बहीण. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, माल म्हणजे माणसं. तिथे अडीचशे किलोमीटरचं रडगाणं नाही.

आपल्याकडे हायलक्स म्हणजे तीस लाखांच्या आसपासचा शौक. महाराष्ट्रात नुसतं ‘पिकअप’ म्हटलं की डोळ्यांसमोर बोलेरो येते. मॅक्स पिकअपच्या वेगवेगळ्या मॉडेलांचं पासिंगच १.३ ते २ टन. प्रत्यक्षात किती भरतात ते मागच्या पाट्यांना विचारा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कॅरेट चढवणाऱ्या एका पिकअपवाल्याला मी मोबाइलवर नवी हायलक्स दाखवली. त्याने मागचा हौदा बोटांनी मोठा करून पाहिला आणि मोबाइल परत दिला. “दादा, यात पन्नास कॅरेट भरली की संपलं.”

तिथून वाशीचा बाजार माळशेज मार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास. याच रस्त्यामुळे माझ्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळ सिमेंटच्या खाणीत एक अवाढव्य इलेक्ट्रिक डंपर चालतो. खाण डोंगरावर, कारखाना खाली. साठ टनांहून जास्त दगड घेऊन तो उतरतो तेव्हा मोटरच डायनॅमो होऊन ब्रेकचं काम करते आणि बॅटरी भरते. वर जाताना रिकामा. उतरताना मिळालेल्या विजेवर चढण होऊन जाते. साडेचार टनांची त्याची बॅटरी तिथे ओझं ठरत नाही.

आता आपला सह्याद्री बघा. टोमॅटो, कांदा, भाजी, फुलं, दूध, सगळं देशावरून खाली कोकणपट्टीत, मुंबईकडे उतरतं. भरलेली गाडी उताराला, रिकामी चढाला. घाट पाचशे मीटरचा आणि भरलेली गाडी तीन टनांची धरली, तर उतरताना चारेक युनिट मोकळी होतात. अडीच तरी बॅटरीत परत येतील. रिकाम्या गाडीला तोच घाट चढायला पावणेतीन लागतील. घाट जवळजवळ फुकट. डिझेलवाला तोच उतार दुसऱ्या गिअरमध्ये, तापलेल्या ब्रेकच्या वासात उतरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे महाभाग वेगळेच.

अर्थात अडीच युनिटांवर कोणी माडी बांधू नये. दीडशे किलोमीटरला चाळीसेक युनिट लागतील, त्यात घाटाची कमाई म्हणजे भाजीतलं मीठ. सार्वजनिक चार्जरवर युनिटला वीस रुपये धरले तरी आठशे होतात; डिझेल बारा-तेरा लिटर, म्हणजे हजाराच्या वर. बचत आहे, पण गाडीचा वाढीव हप्ता त्यातूनच जायचा. टाटाच्या छोट्या हत्तीची एक टन नेणारी इलेक्ट्रिक आवृत्ती २०२४ मध्ये आली. कंपनीचा दावा १६१ किलोमीटरचा, म्हणजे वाशी गाठून देईल आणि तिथेच बसेल. शहरातल्या गॅसच्या टाक्या, किराणा, पार्सल यांना ती उत्तम. तिथे डिझेलची बाजू मांडायला मी जाणार नाही. लांबच्या भाजीला अजून नाही.

सरकारचंही गमतीदार आहे. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना टोल माफ झाला, मालवाहूंना नाही. म्हणजे पन्नास लाखांची इलेक्ट्रिक एसयूव्ही फुकट जाणार आणि कोथिंबिरीच्या जुड्या नेणारा इलेक्ट्रिक छोटा हत्ती पैसे भरणार. ज्या गाडीला दोन रुपये वाचल्याने फरक पडतो, नेमकी तीच बाहेर.

पिकअपवाल्याला मी डंपरची गोष्ट सांगितली. त्याला ती आवडली, पण त्याने लगेच चूक काढली. “रिकामं वर येतो कोण? वाशीतून परतीचं भाडं मिळाल्याशिवाय मी निघतच नाही.” दोर आवळता आवळता त्याने विचारलं, “माल उतरायला आणि भाडं मिळायला तिथे चार-पाच तास जातात. तेवढ्यात होते का भरून?” फास्ट चार्जर असेल तर होते, म्हटलं. “मग चार्जर गाळ्यापाशी पाहिजे,” तो म्हणाला. “लाइन सोडून गाडी हलवली की नंबर गेला.”