रॅली म्हणजे नुसती मिरवणूक नव्हे

'रॅली' हा शब्द नंदुरबारमध्ये कुणाला समजावून सांगावा लागत नाही. निवडणुकीची रॅली असते, शाळेची जनजागृती रॅली असते. झेंडे, घोषणा आणि गर्दी, एवढाच आपल्या लेखी तिचा अर्थ. पण मुलांच्या इंग्रजी उताऱ्यात हाच शब्द क्रियापद म्हणून येतो, तेव्हा मिरवणुकीचा अर्थ तिथे बसत नाही.

आजारी आजोबा 'रॅलीड' असे लिहिले असेल, तर आजोबा मोर्चात गेले नाहीत. त्यांची प्रकृती सावरली. पाच गडी झटपट बाद झाल्यावर संघ 'रॅली' करतो, म्हणजे डाव सावरतो. पडलेला शेअर बाजार पुन्हा वर चढतो, तीही रॅलीच. आणि विधवा झालेल्या बहिणीभोवती घरचे सारे 'रॅली राउंड' करतात, म्हणजे तिच्या पाठीशी एकजुटीने उभे राहतात. थट्टा करणे असाही एक अर्थ शब्दकोशात सापडतो. पण तो शब्द मुळात वेगळा, स्पेलिंग तेवढे सारखे.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्यातला 'रे' म्हणजे पुन्हा, आणि पुढचा भाग म्हणजे जोडणे. राजकीय पक्षांचा 'अलायन्स' याच कुळातला. मराठीत या एका क्रियापदासाठी एकवटणे आणि सावरणे असे दोन शब्द लागतात. या दोहोंना जोडणारी गोष्ट म्हणजे 'पुन्हा'. जे पांगले होते ते परत येतात आणि त्या येण्यानेच बळ मिळते.

आपल्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. हिजरी 8 मध्ये, मक्का विजयानंतर, हुनैनच्या खोऱ्यात मुस्लिम सैन्य बारा हजारांचे होते. पहाटे दबा धरून बसलेल्या हवाजिन टोळीने बाणांचा वर्षाव केला आणि एवढे मोठे सैन्य पांगले. प्रेषित मुहम्मद (स.) मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी आपले चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना हाक द्यायला सांगितले. अब्बास (रजि.) यांचा आवाज मोठा होता. त्यांनी हुदैबिया येथे झाडाखाली शपथ घेतलेल्या साथीदारांना त्या शपथेची आठवण देऊन बोलावले. ते माघारी वळले आणि लढाईचे पारडे फिरले. त्या दिवशी मोठ्या संख्येचा काहीच उपयोग झाला नाही, हे पवित्र कुरआनच्या सूरह तौबामध्ये स्पष्ट सांगितले आहे.

आपल्या नंदुरबारचेही पाहा. 9 ऑगस्ट 1942 रोजी गांधीजींसह मोठे नेते अटकेत गेले. चळवळीला पुढारी उरला नाही. बरोबर महिन्याने, 9 सप्टेंबरला, नंदुरबारची शाळकरी मुले तिरंगा घेऊन निघाली. गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शाह शहीद झाले. मोठे तुरुंगात असताना मुलांनी सुटलेला धागा हाती घेतला. रॅलीचा खरा अर्थ तो हाच.

आता आपल्या घराकडे वळू. वाटणीवरून दोन भाऊ बोलेनासे होतात. ईदला दोघे एकाच ईदगाहवर नमाज पढतात आणि वेगवेगळ्या वाटेने घरी जातात. फुफी आजारी पडते आणि भाचे एकमेकांकडे बोट दाखवतात. नातेवाईक पुष्कळ असतात, पण हाक द्यायला कुणी पुढे होत नाही.

अरबीत 'सिला' म्हणजे जोडणे. त्यावरून नाती जोडून ठेवण्याला आपण 'सिला-रहमी' म्हणतो. प्रेषितांची (स.) शिकवण अशी, की भेटीची परतफेड भेटीने करणारा नाते जोडणारा नव्हे, समोरच्याने तोडल्यावरही जो जोडतो, तोच खरा जोडणारा.

म्हणून मुलांना हा शब्द शिकवताना एक काम आपणही करू या. ज्याच्याशी बोलणे थांबले आहे, त्याला आज फोन लावू या. 'चूक कुणाची' हा विषय न काढता फक्त खुशाली विचारू या. तो फोन उचलणार नाही, असेही होईल. तरी पुढच्या जुम्याला पुन्हा लावू या. 'पुन्हा' हाच तर या शब्दाचा पहिला अर्थ आहे.

अल्लाह आपली तुटलेली नाती जोडो. आमीन.