चेस्टनटची पुनर्लागवड

अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगररांगांत चेस्टनट हा एकेकाळी जंगलाचा अन्नदाता होता. ओक वसंतातच फुलतो. उशिराच्या हिमाने मोहोर जळला की त्या वर्षी फळ बेताचेच. चेस्टनट मात्र जून-जुलैत फुलतो, म्हणून त्याची काटेरी बोंडे सहसा दगा देत नसत. अस्वले, रानटर्की, खारी, हरणे त्यांवर हिवाळ्याची बेगमी करत.

१९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील झाडांवर आशियातून आलेली बुरशी आढळली. ती सालीखाली शिरून खोडाला वेढा घालते. पुढच्या अर्धशतकात तीन-चार अब्ज झाडे गेली. मुळे तगली, त्यांना फुटवेही येतात. पण बहुधा फळण्याआधीच बुरशी त्यांना गाठते.

त्यामुळे नुसती लागवड पुरत नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेले अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन चिनी चेस्टनटशी संकर करून रोगाला तोंड देणारी झाडे घडवू पाहते. काम चिवट आहे, कारण ही प्रतिकारशक्ती अनेक जनुकांत विखुरलेली असते.

लावणाऱ्याने जागा उन्हाची, निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी मातीची निवडावी. जवळ दुसरे झाड हवे; एकट्याला फळ धरत नाही. रोपाभोवती जाळीही हवी, नाहीतर ज्यांच्यासाठी लावले ती हरणेच ते फस्त करतात.