काँक्रीटची ऊब आणि धरणाची भेग

बागलाणांत आरम व मोसम या नद्यांवर बंधारे घालून फडांना पाणी देण्याची रीत फार जुनी. जुन्या दगडी बांधकामांतील चुना सावकाश घट्ट होई. त्यामुळें उष्णतेचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. सिमेंटचा स्वभाव निराळा. पाणी लागतांच त्यांत रासायनिक क्रिया सुरू होते व ऊब बाहेर पडते. घराच्या पातळ स्लॅबमधून ती हवेंत निघून जाते. परंतु सिमेंट-काँक्रीटच्या धरणाच्या पोटांत ती महिनेच्या महिने कोंडून राहते.

श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. भेग पडते ती तापल्यामुळें नव्हे, तर निवतांना होणाऱ्या आकुंचनामुळें. बाहेरचा भाग आधीं निवून आखडूं पाहतो. आंतला ऊन गाभा त्यास आखडूं देत नाहीं. पुढें गाभाहि निवतो, तेव्हां तळाचा खडक त्यास धरून ठेवतो. १० मीटर लांबीचें काँक्रीट २० अंश सेल्सिअसनें निवलें, म्हणजे सुमारें २ मिलिमीटर आखडूं पाहतें. काँक्रीट दाब पुष्कळ सोसतें. ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच. अखेर तें फाटतें, आणि भेगेंत शिरलेलें पाणी धरणास आंतून रेटूं लागतें.

यावर पहिला उपाय, मूळ ऊबच कमी करणें. १९५४ ते १९६३ या काळांत बांधलेल्या कोयना धरणांत काँक्रीटमध्यें मोठे दगड बसवून सिमेंट वांचविलें. अकोले तालुक्यांतील घाटघर प्रकल्पाच्या धरणांत सिमेंटच्या बऱ्याच भागाऐवजीं कोळशाची राख वापरून, पातळ थर रोलरनें दाबले; तो प्रकल्प २००८ सालीं सुरू झाला.

दुसरा उपाय, ओततांनाच काँक्रीट थंड ठेवणें. उन्हाळ्यांत खडीवर पाणी शिंपडतात, मिश्रणाच्या पाण्यांत बर्फ घालतात व रात्रीं काम करतात. अमेरिकेंतील, १९३५ सालीं पूर्ण झालेल्या हूव्हर धरणांत तर नळ्या पुरून थंड पाणी खेळविलें.

तिसरा उपाय थरांचा. नेहमींच्या काँक्रीटचा सुमारें दीड मीटरचा थर ओतून तो कांहीं दिवस निवूं देतात. मात्र फार काळ लोटल्यास खालचा कठीण थर नव्या थरास खडकाप्रमाणेंच जखडतो.

सटाण्याकडे हिवाळ्यांत दुपार उबदार व पहाट कडाक्याची. अशा वेळीं फळ्या एकदम काढूं नयेत. काढल्यास पृष्ठभाग गोणपाटानें झांकावा. गाभा व पृष्ठभाग यांच्या उष्णतामानांत २० अंशांहून अधिक अंतर पडूं नये, असा ढोबळ नियम आहे. त्यासाठीं थरांत उष्णतामापक पुरतात. पुढचा थर केव्हां ओतावा, हें मक्तेदाराच्या घाईवर न सोंपवितां त्या मापकाचा आंकडा पाहून ठरवावें.