चिन्हं वाचायची कशी?



समजा, जोगेश्वरी स्टेशनच्या पुलावर उभं राहून तुम्ही मैत्रिणीला फोनवर हास्केल भाषेतल्या प्रोग्रामची एक ओळ सांगताय. + आलं की ‘अधिक’ म्हणता. पण >>= आलं तर? तिथे जीभ अडते. तोंडी परीक्षेतही नेमकं हेच होतं. उत्तर येत असतं, पण ओळ वाचता येत नाही.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये लहान लहान फंक्शनं जोडून मोठं काम करतात आणि ही जोडणी बहुधा चिन्हांनी होते. म्हणून नियम एकच ठेवा: चिन्हाचा आकार नव्हे, काम वाचा. ++ घ्या. सी भाषेत ते संख्या एकाने वाढवतं, हास्केलमध्ये मात्र दोन याद्या किंवा शब्द जोडतं. "जोगे" ++ "श्वरी" हे ‘जोगेला श्वरी जोडा’ असं वाचा.

आता क्रम. आपण 63 लिहिताना सहा आधी लिहितो, पण ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ अशी पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता! लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा असला की मुलं गोंधळतात.

हास्केलच्या टिंबाचंही तसंच आहे.

(दुप्पट . एकवाढ) 5

इथे टिंबाला ‘मग’ म्हटलंत, तर आधी दुप्पट कराल आणि उत्तर 11 येईल. ते चूक. उजवीकडचं काम आधी होतं. म्हणून वाचा, ‘दुप्पटच्या आधी एकवाढ’. पाचाचे सहा, सहाचे बारा. मराठीतलं ‘च्या आधी’ इथे अगदी फिट बसतं.

एफ-शार्प आणि एलिक्सरमध्ये |> असतं. त्याला ‘पाइप’ म्हणतात. ‘मग’ खरं तर इथे शोभतं:

5 |> एकवाढ |> दुप्पट

‘पाच घ्या, मग एक वाढवा, मग दुप्पट करा.’ उत्तर तेच, 12.

हास्केलची आणखी काही चिन्हं:

:: — ‘चा प्रकार’
-> — ‘दिलं की मिळतं’
>>= — नाव ‘बाइंड’; अर्थ, ‘आधीच्या पायरीतून मिळालेलं पुढच्या पायरीला दे’

नाव माहीत असू द्या, पण स्वतःशी वाचताना अर्थच म्हणा.

करून पाहा: (दुप्पट . एकवाढ . दुप्पट) 3 मोठ्याने वाचा आणि मग सोडवा. 14 आलं? मग जमलं!